राणीच्या पाच बाटल्या

पत्राचा सारांश : एका तालुक्याच्या गावातून एका ताईंनी लिहिलं आहे. त्यांच्या घरी सात वर्षांची लॅब्रॅडोर आहे. नाव बदलून आपण तिला राणी म्हणू. वजन ३८ किलो, नसबंदी झालेली. लहानपणापासून घरचंच खाणं : उकडलेलं चिकन, भात, थोडं गाजर. दीड-दोन महिने झाले, सकाळी उठताना ती मागचा उजवा पाय उचलून धरते, चार पावलं चालली की ठीक होते. केस फार गळतात, अंगावरची तुकतुकी गेली आहे. घरात सध्या तिच्या नावाच्या पाच वस्तू आहेत : कॅल्शियमचं सिरप (पिल्लू असताना सुरू केलं ते कुणी थांबवलंच नाही), मल्टिव्हिटॅमिनची पावडर, लिव्हर टॉनिक, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल आणि सांध्यांच्या गोळ्या. महिन्याला ३,२०० रुपये जातात. सासरे म्हणतात, आमच्या वेळी कुत्री भाकरीवर जगायची, आणि सकाळच्या चहाबरोबर तिला पोळी-बिस्किटं देतात. यावरून घरात धुसफूस होते. ताई विचारतात, "यातलं कोणतं ठेवू, की आणखी चांगलं काही घेऊ? घरचं खाणं देऊन मीच तिचं नुकसान केलं का? खरं सांगते, बाटली उघडली की वाटतं, आज तिच्यासाठी काहीतरी केलं." आणि शेवटी जाता जाता : "बहिणीने तीन महिन्यांचं ग्रेट डेनचं पिल्लू आणलंय. ते पाकिटातलं पपी फूड खातं. आमच्याकडचं जास्तीचं कॅल्शियम त्याला दिलं तर चालेल ना?"

ताई,

तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्न मी आधी घेते. तुम्ही तो सहज विचारलात, पण साऱ्या पत्रात घाई करण्यासारखी गोष्ट तेवढी एकच आहे. त्या पिल्लाला कॅल्शियम देऊ नका. बहिणीने स्वतःहून सुरू केलं असेल, तर आजच थांबवायला सांगा.

मोठं कुत्रं जास्तीचं कॅल्शियम आतड्यातच अडवतं, नको असेल तेवढं बाहेर टाकतं. साधारण सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला हे नीट जमत नाही. जेवढं पोटात जाईल त्यातलं बरंचसं अंगात शिरतं. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात १९८०च्या दशकात ग्रेट डेनच्याच पिल्लांवर याचा अभ्यास झाला. जास्त कॅल्शियम खाल्लेल्या पिल्लांच्या हाडांची आणि कूर्चेची वाढ बिघडली. मोठ्या जातीचं पिल्लू वर्षभरात पन्नास-साठ किलोपर्यंत जातं, म्हणून हाडं "मजबूत" करायला आपण कॅल्शियम ओततो, आणि तेच त्याला बाधतं. चांगल्या पपी फूडमध्ये कॅल्शियम आधीच मोजून घातलेलं असतं. बहिणीने पाकिटावर एवढंच पाहावं, की ते खाणं मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी आहे का. तसं असेल तर वरून काहीही नको.

मात्र हेच पिल्लू नुसत्या चिकन-भातावर असतं, तर माझं उत्तर नेमकं उलट आलं असतं. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे जर्मन शेफर्डचं चार महिन्यांचं पिल्लू आणलं होतं. माणसं अगदी जीव लावणारी. रोज अर्धा किलो बोनलेस चिकन, थोडा भात, दुसरं काही नाही. दिवाणावरून उडी मारली आणि मांडीचं हाड मोडलं. एक्स-रेमध्ये हाडं इतकी फिकट दिसत होती की आजूबाजूचं मांस आणि हाड यांतला फरक शोधावा लागत होता. १०० ग्रॅम चिकनमध्ये कॅल्शियम जेमतेम १५ मिलीग्रॅम असतं आणि फॉस्फरस २००च्या आसपास. शरीराला हे दोन्ही जवळजवळ बरोबरीने लागतात, कॅल्शियम थोडं जास्तच. बाहेरून मिळालं नाही की शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात आणतं. त्या पिल्लाची हाडं आतून अशीच रिकामी झाली होती.

एक पिल्लू कॅल्शियम जास्त झाल्याने बिघडतं, दुसरं कमी पडल्याने. सिरप तेच. म्हणून "कोणतं सप्लिमेंट चांगलं?" या प्रश्नाला बाटलीकडे बघून उत्तर देता येत नाही. आधी ताटलीत काय पडतं ते बघावं लागतं.

आता राणीची ताटली बघू. चिकन, भात, गाजर. तुम्ही नुकसान केलंत का? ताई, तुम्ही तिला ताजं, स्वच्छ, पचणारं अन्न सात वर्षं न चुकता रांधून घातलंत. ती सात वर्षांची झाली आहे आणि शेपटी हलवत जेवायला येते. अपराधी वाटून घेऊ नका. पण हे जेवण पूर्ण नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. त्यात कॅल्शियम नाही, आयोडीन फारसं नाही, जस्त, तांबं आणि ई जीवनसत्त्व कमी पडतं. ड जीवनसत्त्वही कमी पडतं, आणि ही उणीव उन्हाने भरून निघत नाही. कुत्र्याची कातडी आपल्यासारखं ते पुरेसं बनवू शकत नाही, त्याला ते खाण्यातूनच मिळावं लागतं. (क जीवनसत्त्व मात्र कुत्रं स्वतःच्या यकृतात बनवतं, त्यासाठी वेगळी गोळी घेऊ नका.) हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१३ साली कुत्र्यांच्या घरगुती जेवणाच्या २०० पाककृती तपासल्या. त्यांतल्या काही तर पशुवैद्यांनीच लिहिलेल्या होत्या. ९५ टक्के पाककृतींत निदान एक तरी आवश्यक घटक कमी निघाला.

यातून गंमत अशी होते, की तुमच्या पाच वस्तूंपैकी जी तुम्हाला सगळ्यांत निरुपयोगी वाटते, "पिल्लू असताना दिलेलं, थांबवायचं राहिलेलं" ते कॅल्शियम, त्याचीच राणीला खरी गरज आहे. फक्त ते पुरेसं आहे का ते पाहा. राणीचं वजन असायला हवं तेवढं, म्हणजे २८ किलोच्या घरात, धरलं तर दिवसाला साधारण दीड ग्रॅम कॅल्शियम लागतं. बाटलीच्या मागे बारीक अक्षरात पाच किंवा दहा मिलीमध्ये किती मिलीग्रॅम कॅल्शियम आहे ते लिहिलेलं असतं. तुम्ही देता त्या मापाने हिशेब करा. बहुतेक घरांत तो आकडा गरजेच्या पासंगालाही पुरत नाही.

"मग अंड्याची टरफलं वाटून घालू का?" हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. चालतील. उकळून, पूर्ण वाळवून, मिक्सरमध्ये अगदी पिठासारखी बारीक केलेली. एका सपाट चहाच्या चमच्यात, म्हणजे पाच ग्रॅम पुडीत, सुमारे १,९०० मिलीग्रॅम कॅल्शियम येतं. राणीला पाऊण चमचा दोन जेवणांत वाटून पुरेल. पण टरफलाने फक्त कॅल्शियमचा खड्डा भरतो. जस्त, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व यांचे खड्डे तसेच राहतात. केस गळण्याचं आणि तुकतुकी जाण्याचं एक कारण तिथेही असू शकतं.

तुमच्यापुढे दोन सरळ वाटा आहेत. पहिली : ज्या पाकिटावर प्रौढ कुत्र्यांसाठी संपूर्ण आणि संतुलित आहार असं लिहिलेलं असतं, त्या ड्राय फूडवर राणीला आठ-दहा दिवसांत हळूहळू न्यायचं. मग कॅल्शियम बंद, मल्टिव्हिटॅमिन बंद. हे दोन्ही चालू ठेवलंत तर मोजून घातलेल्या मिठात पुन्हा मीठ घातल्यासारखं होईल. दुसरी : घरचंच द्यायचं, पण पाककृती अशा पशुवैद्याकडून लिहून घ्यायची ज्यांनी पशुपोषणाचा वेगळा अभ्यास केला आहे. मुंबईत परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील महाविद्यालय, नागपूर, परभणी, उदगीर इथली महाविद्यालयं, यांपैकी जे जवळ असेल तिथे जाऊन विचारा. ते ग्रॅममध्ये पाककृती देतील आणि तिला जोडून नेमकं कोणतं मिश्रण, किती, हेही लिहून देतील. तेव्हा कुठे त्या पावडरीला अर्थ येईल. आत्ताची मल्टिव्हिटॅमिन पावडर कोणत्या उणिवेसाठी आहे, हे तुम्हालाही माहीत नाही आणि डबा बनवणाऱ्यालाही.

माझं मत विचाराल तर तुमच्या घरासाठी पहिली वाट सोपी. वर दहातला एक हिस्सा चिकन घाला, तिलाही जेवण जेवल्यासारखं वाटेल. पण रोज रांधून घालणं हा तुमच्या दिवसातला आनंदाचा भाग असेल, तर दुसरी वाट धरायला माझी काहीच हरकत नाही, तेवढी मेहनत घेणार असाल तर.

आता पाय. पत्रात तुम्ही धरूनच चालला आहात की लंगडणं म्हणजे अंगात काहीतरी कमी आहे. मला मात्र ३८ हा आकडा वाचताक्षणी काहीतरी जास्त आहे असं वाटलं. लॅब्रॅडोर मादी साधारण पंचवीस ते तीस किलोची असावी. आज रात्री जमिनीवर तिच्याशेजारी बसा आणि दोन्ही तळवे तिच्या बरगड्यांवर ठेवून न दाबता फिरवा. मग स्वतःचा हात सरळ धरून त्याच्या मागच्या बाजूने, बोटांच्या पेरांवरून दुसरा हात फिरवा. बरगड्या अशा लागायला हव्यात : दिसत नाहीत, पण हाताला सहज कळतात. तळव्याच्या मांसल भागावरून बोट फिरवल्यावर जसं लागतं तशा लागत असतील, तर वजन जास्त आहे. मूठ आवळल्यावर टोकदार लागतात तशा लागल्या, तर कुत्रं खंगलेलं आहे. ही तपासणी महिन्यातून एकदा प्रत्येकाने करावी. झुपकेदार केसांच्या कुत्र्यात तर डोळ्यांवर विश्वास ठेवूच नये.

वजनाबद्दल मी एवढं का सांगते आहे? अमेरिकेत ४८ लॅब्रॅडोर जन्मभर पाहिले गेले. जोड्या लावल्या, एकाला नेहमीचं आणि जोडीदाराला त्याच्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं. २००२ साली निष्कर्ष आले. कमी खाणाऱ्यांतली निम्मी कुत्री १३ वर्षांपलीकडे जगली, दुसऱ्यांतली निम्मी ११.२ वर्षांपलीकडे. सांधेदुखीची औषधंही त्यांना बरीच उशिरा लागली. जवळजवळ दोन वर्षांचं आयुष्य! असा फरक दाखवणारी बाटली माझ्या पाहण्यात नाही. आणि सगळे दहा किलो उतरायची वाट पाहावी लागत नाही. सांधे दुखणाऱ्या जाड कुत्र्यांत वजन सहा-सात टक्क्यांनी घटलं तरी लंगडणं कमी झालेलं दिसतं. राणीच्या बाबतीत ते अडीच किलो होतात.

पण नुसतं वजन म्हणून सोडून देऊ नका. आठवड्याभरात तिला दाखवा. खुब्याचा आणि गुडघ्याचा एक्स-रे, आणि रक्ततपासणी. जाड लॅब्रॅडोरच्या गुडघ्यातला लिगामेंट तुटणं नवीन नाही, आणि तो तुटला असेल तर गोळ्या-पावडरीत महिने फुकट जातात. सुस्ती, वाढतं वजन आणि विरळ केस एकत्र दिसले तर थायरॉइडही तपासायला सांगा. लंगडण्याबरोबर ताप, फिक्या हिरड्या किंवा नाकातून रक्त दिसलं, तर आठवडा थांबू नका, त्याच दिवशी जा. तो गोचीडताप असू शकतो. आपल्याकडे त्यात "रक्त वाढवायचं सिरप" देत बसल्याने हातातून गेलेली कुत्री मी पाहिली आहेत.

राहिल्या तीन वस्तू.

लिव्हर टॉनिक आजपासून बंद. रक्ताच्या अहवालात यकृताबद्दल काही निघालं, तर त्या आजारासाठी योग्य औषध डॉक्टर देतील. "असू दे, लिव्हरला चांगलं असतं" हे कारण पुरेसं नाही.

सांध्यांच्या गोळ्या, म्हणजे ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिन. त्रास फारसा होत नाही, फायद्याचा पुरावा मात्र कच्चा आहे. आणलेली बाटली संपवायची तर संपवा, पण सकाळी उठताना राणीचा मोबाइलवर दहा सेकंदांचा व्हिडिओ काढून ठेवा आणि दोन महिन्यांनी त्याच जागी पुन्हा काढा. फरक दिसला नाही तर पुढची बाटली आणू नका. मात्र त्याच काळात वजनही उतरत असेल, तर श्रेय गोळीला देऊ नका.

माशाच्या तेलाची गोष्ट वेगळी आहे. सांधेदुखीत त्याचा उपयोग होतो असं दाखवणारे अभ्यास बऱ्यापैकी आहेत, कातडीलाही ते बरं. आधी तुमची कॅप्सूल कोणती ते पाहा. आपल्यापैकी अनेकांना लहानपणी शाळेत जाताना जी पिवळी पारदर्शक गोळी मिळायची, ती कॉड माशाच्या यकृताच्या तेलाची. त्यात अ आणि ड जीवनसत्त्व भरपूर असतं. ही दोन्ही अंगात साठतात, लघवीवाटे निघून जात नाहीत, आणि ड जास्त झालं तर मूत्रपिंडाला इजा होते. आपल्याला हवं ते माशाच्या अंगाचं तेल, ज्यावर ईपीए आणि डीएचए (त्या तेलातली कामाची दोन ओमेगा-३ मेदाम्लं) यांचे आकडे लिहिलेले असतात. समोर "१००० मिलीग्रॅम" ठळक असलं तरी मागे बऱ्याचदा ईपीए १८० आणि डीएचए १२० निघतं, म्हणजे कामाचे ३००च. डोस या ३००च्या हिशेबाने डॉक्टरांकडून ठरवून घ्या. पातळ शी झाली तर कमी करा, आणि ऑपरेशन ठरलं तर हे चालू आहे म्हणून आवर्जून सांगा. प्रत्येक कॅप्सूलच्या नऊ कॅलरीही मोजायच्या, वजन उतरवताना त्याही लागू पडतात.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण सगळ्याच वाचकांसाठी सांगते. माणसांची औषधं कुत्र्याच्या तोंडापासून लांब. घरात कुणाला आठवड्याला एक घ्यायची ६०,००० युनिटची ड जीवनसत्त्वाची कॅप्सूल असतेच. दहा किलोच्या कुत्र्याला त्यातली एकही धोक्याची. राणीएवढ्या कुत्रीने चारची पट्टी चघळली तर थेट दवाखाना. बिनसाखरेच्या गोड गोळ्यांत आणि सिरपांत झायलिटॉल (साखरेऐवजी गोडीसाठी घालतात तो पदार्थ) असेल तर कुत्र्याची रक्तशर्करा तासाभरात कोसळू शकते. लोहाच्या गोळ्या आणि सासऱ्यांची गुडघेदुखीची गोळी याच यादीत. गोचीड जावेत म्हणून लसूण खाऊ घालतात, तेही नको. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

आणि आता सासरे. ते म्हणतात ते खोटं नाही, त्यांच्या गावची कुत्री भाकरीवर जगली. पण ती दिवसभर शिवारात फिरायची, भाकरीशिवाय उंदीर, हाडं, काय काय खायची, आणि बरीचशी सातव्या वर्षापर्यंत पोचायचीही नाहीत. हे त्यांना वाद म्हणून सांगू नका, उपयोग होणार नाही. तुम्ही लिहिलंत, बाटली उघडली की काहीतरी केल्यासारखं वाटतं. सकाळी चहात बुडवलेली पोळी राणीच्या तोंडात देताना त्यांनाही अगदी तेच वाटत असणार. त्यात राणी लॅब्रॅडोर. या जातीच्या साधारण चौथ्या हिश्श्यात भूक भागल्याचा निरोप मेंदूला नीट न पोचवणारा जनुकीय दोष असतो, हे केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं. ती त्यांच्याकडे ज्या नजरेने बघते, ती खरोखरच्या भुकेची असू शकते.

हिशेब मात्र करावाच लागेल. वजन उतरवायचं तर राणीला दिवसाला साधारण साडेआठशे कॅलरी पुरतात. तूप लावलेल्या दोन पोळ्या आणि चार ग्लुकोज बिस्किटं म्हणजे जवळपास चारशे. अर्धा दिवस चहाच्या कपाबरोबरच संपतो.

म्हणून असं करा. स्टीलचा एक छोटा झाकणाचा डबा घ्या. रोज सकाळी राणीचं दिवसाचं खाणं मोजताना त्यातलंच मूठभर ड्राय फूड आणि काकडी-गाजराचे तुकडे त्या डब्यात काढा आणि डबा बाबांच्या खुर्चीशेजारी ठेवा. "राणीचा सकाळचा खाऊ आता तुमच्याकडे," असं सांगा. किती द्यायचं, कधी द्यायचं, एकदम की एकेक, सगळं त्यांनी ठरवायचं. डबा संपला की संपला. द्यायचं बंद कर म्हटलेलं त्यांना लागलं असतं. हे काम ते कदाचित तुमच्यापेक्षा काटेकोर करतील.

डॉक्टरांकडे जाताना पाचही वस्तू पिशवीत घालून न्या, नावं सांगत बसू नका. तिथल्या काट्यावर राणीचं वजन करा आणि तारखेसह लिहून ठेवा, पुढे दर पंधरा दिवसांनी त्याच काट्यावर. आठवड्याला अर्ध्या किलोपर्यंत उतरलं तर उत्तम, त्याहून भराभर नको. आणि शक्य असेल तर बाबांनाही बरोबर न्या. राणीला काट्यावर चार पाय ठेवून उभं करायला एक माणूस समोर लागतोच, आणि ती त्यांच्याकडे बघत स्थिर उभी राहील.